संध्याकाळच्या वजनावर ठरलेली वाटणी

मी, श्रीमती छबूबाई सहादेव दहिफळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा ऊसतोडीचे कोयते तयार करणे, राहणार नागापूर, अहिल्यानगर, मूळ गाव मौजे खडकवाडी, तालुका पाथर्डी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि ते नऊ वर्षांपूर्वी गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, नाडी फार जोरात चाललीय, कसली एवढी गडबड?" मी सांगितले, तीन दिवसांपूर्वी नेवासा तालुक्यातल्या उसाच्या फडात मी जे पाहिले ते पाहून ज्याची नाडी जोरात चालणार नाही, त्यालाच दाखल्याची गरज आहे.

मला मरणाची घाई नाही. पुढच्या हंगामाची इतकी कामे डोक्यात आहेत की मरायला सवड कुठून काढायची हाच प्रश्न आहे. पण माणसाने कोयता आणि मृत्युपत्र हंगामाआधी तयार ठेवावे, असे माझे मत आहे.

हे लिहायला मी पाच जानेवारीला बसले होते. तीन कलमे सरळ झाली आणि चौथ्यात पेन अडले. चौथे कलम कारखान्याचे. "माझ्या पश्चात कारखान्याचा कारभार अमुक यांनी पाहावा" एवढेच लिहायचे, पण अमुक कोण, मुलगा कल्याण की मुलगी आरती, ते ठरेना. ती जागा मोकळी सोडली आणि निकाल लावायला फडात परीक्षा ठेवली. आता नाव माझ्याकडे आहे. पण वकीलसाहेब म्हणतात मृत्युपत्राला क्रम लागतो, म्हणून आधी घर.

कलम पहिले. नागापूरचे दोन मजली घर. वरचा मजला कल्याणचा, खालचा आरतीचा. अंगण, बोअर आणि गच्ची दोघांची. लग्न झालेली मुलगी आईच्या घरात राहते म्हणून ज्या पाहुण्यांनी तोंडे वाकडी केली, त्यांच्या नावे या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही. त्यांनी शोधत बसू नये.

कलम दुसरे. माझी बोरमाळ सून निकिता हिला, पाटल्या आरतीला. बँकेत जे असेल ते दोघा मुलांत निम्मे निम्मे. खडकवाडीची तीन एकर कोरडवाहू जमीन माझे धाकटे दीर सूर्यभान यांना, कारण ती इतकी वर्षे तेच कसतात आणि दर संक्रांतीला बाजरी आणून देताना एकदाही उपकार दाखवत नाहीत.

कलम तिसरे. हत्यारे आणि वह्या. इथे मला थोडे मागे जावे लागेल. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले तरी चालेल, लिहिणारी मी आहे.

मी आणि यजमानांनी अकरा हंगाम ऊस तोडला. तेव्हा बाजारातला कोयता दुपारपर्यंत बोथट व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत खांदा कामातून जायचा. माझे शिक्षण चौथीपर्यंत, पण मोजायची खोड लहानपणापासूनची. एकदा धार लावली की पुन्हा लावेपर्यंत किती मोळ्या बांधून होतात, हे मी पदराला गाठी मारून मोजायची. बायका हसायच्या. कुठल्या दुकानाचा कोयता बावीस गाठी चालतो आणि कुठला नऊ, हे सगळ्या टोळीत मला एकटीला माहीत होते. यजमानांनी मग गावच्या लोहाराकडे दोन उन्हाळे घण मारला आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचा एक कोयता घडवला. तो एकतीस गाठी चालला. त्या रात्री आम्ही दोघे झोपलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही तोडीला गेलो ते कोयते विकायला.

यजमानांची ऐरण आणि मोठा घण आमचे मुख्य कारागीर वैजनाथ यांना द्यावा. पोलादाचा ताव ते रंगावरून ओळखतात आणि चूक झाली की माझ्याआधी स्वतःला शिव्या देतात. माझ्या गाठींच्या पुढे वह्या झाल्या, त्या चौतीस आहेत. त्या कारखान्यातच राहतील, कोणीही घरी नेऊ नये.

याच कलमात केडगावचे माझे चुलत दीर भागवतभाऊजी यांचाही हिशोब मिटवते. त्यांचे हत्यारांचे दुकान आहे आणि ते बाहेरून स्वस्त कोयते आणून विकतात. आम्ही भाव सांगितला की ते दहा रुपये कमी सांगणार, हा त्यांचा नेम. मी त्यांच्याशी भावात कधीच लढले नाही. मुलांनाही मी हेच सांगत आले: धंद्यात माणूस चार गोष्टींनी जिंकतो, स्वस्त देऊन, टिकाऊ देऊन, वेळेवर देऊन, नाहीतर ज्याला जसे हवे तसे करून देऊन. चारही धरायला गेले की चारही सुटतात. स्वस्त हे भागवतभाऊजींना सोडून दिले, टिकाऊ तर गाठी मोजल्यापासून आमचेच होते. आम्ही माल वेळेवर द्यायचा, म्हणजे टोळी गाव सोडायच्या आत, मुकादमाच्या दारात. आणि ज्याला जसा हवा तसा द्यायचा: बाईच्या मुठीला बारीक दांडा, डावखुऱ्याला उलट्या अंगाची धार. डावखुऱ्यांचा कोयता काढला तेव्हा भागवतभाऊजी भर लग्नात म्हणाले, "वहिनी, उद्या आंधळ्यासाठी बी काढा." त्या वर्षी डावखुऱ्यांनी स्वतःबरोबर त्यांच्या टोळ्याही आमच्याकडे आणल्या. म्हणून भागवतभाऊजींना डावखुऱ्यांचे एक डझन कोयते द्यावेत, नीट कागदात गुंडाळून. ते उजव्या हाताचे आहेत, हे मला ठाऊक आहे.

कलम चौथे. नागापूर औद्योगिक वसाहतीतला प्लॉट, शेड, दोन्ही भट्ट्या, पॉवर हॅमर, ग्राइंडर, टेम्पो आणि धंद्याचे नाव ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मालकी दोघा मुलांची, निम्मी निम्मी. यात कधी वाद नव्हता. वाद होता तो शेवटचा शब्द कोणाचा याचा, कारण कोयता कसा असावा हे दोन डोकी दोन तऱ्हांनी ठरवू लागली तर एका हंगामात दुकान बंद होते.

कल्याण इंजिनिअर आहे. पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हा त्याने शेडमध्ये एक पांढरा फळा लावला आणि हातात वेळ मोजायचे टिकटिक घड्याळ घेतले. माणशी, ताशी किती नग, हे फळ्यावर रोज चढू लागले. तीन हंगामांपूर्वी दिवसाचे नव्वद कोयते एकशेचाळीसवर गेले. माणसे तीच, भट्टी तीच. कल्याणने सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ले, हे कबूल करते. दिवाळीनंतर मुकादमांचे फोन सुरू झाले. तापलेले पाते पाण्यात बुडवून कडक केल्यावर त्याला जो दुसरा मंद ताव द्यावा लागतो, तो फळ्यावरचा आकडा गाठायच्या नादात निम्माच दिला जात होता. कुणाची धार पहिल्याच आठवड्यात चिरली, कुणाची दुमडली. पोती भरभरून कोयते परत आले. घड्याळ मी काढून घेतले आणि पेटीत ठेवले. एक दुमडलेला कोयता कल्याणच्या टेबलासमोर भिंतीला टांगला. तो तीन वर्षे तिथेच होता.

आरती माझ्या वळणाची. तिने वह्या पाठ केल्या. नगांचा फळा पुसून तिने माझे जुने माप लावले, एका धारेला किती मोळ्या. पोलाद कडक करत करत यंदा तिने असा कोयता काढला की त्याची धार दीड दिवस टिकते. माझ्या एकतीस गाठी त्यापुढे काहीच नाहीत. खरे सांगायचे तर पाच जानेवारीला मनात मी तिचेच नाव लिहून टाकले होते. पण त्याच आठवड्यात कल्याणने माझ्या समोर एक नवा कोयता ठेवला. दांडा दोन बोटे लांब आणि जरासा वळलेला, पाते हलके, पोलाद आरतीच्यापेक्षा मऊ. मी नखाने धार पाहिली आणि म्हटले, "ही सकाळभर टिकेल फक्त."

तो म्हणाला, "हो, टिकणार न्हाई. तरी फडात लावून बघ."

"बघायचं काय त्यात?"

"आई, तू ठरवशील ते मान्य. पण शेडमध्ये ठरवू नको."

हे त्याचे म्हणणे मला पटले, म्हणून परीक्षा ठेवली. नेवाशाकडे मच्छिंद्र मुकादमाची टोळी उतरली होती, नवरा-बायकोच्या दहा जोड्या. बैलांच्या टायरगाड्यांची टोळी मुद्दाम घेतली, कारण प्रत्येक जोडीची गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर वेगळी तोलली जाते आणि पावती मिळते. आरतीच्या कोयत्यांना तांबडा दोरा बांधला, कल्याणच्या कोयत्यांना निळा. कोणता कोणाचा, हे टोळीला सांगितले नाही. पहिल्या दिवशी पाच जोड्यांना तांबडे, पाच जोड्यांना निळे. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. माणूस तोच राहिला आणि कोयता बदलला म्हणजे दंडाची ताकद वजा होते. ही अक्कल माझी, कोणत्याही कॉलेजात शिकलेली नाही.

रविवारी मी दिवसभर बांधावर बसून होते. तांबड्या दोऱ्याच्या एकाही कोयत्याला कानस लागली नाही. निळ्यावाल्यांचे हात मात्र सारखे कानशीकडे जात होते. मी आरतीकडे बघून डोळे मिचकावले. संध्याकाळी काट्यावर गेलो तर निळ्या पाच गाड्या जास्त भरल्या. मी म्हटले काटा बिघडला असेल, नाहीतर निळ्या बाजूला जोड्या दमदार असतील. सोमवारी अदलाबदल झाली. तांबडे कोयते दुपारी बोथट झाले आणि मग माझ्या लक्षात आले ते असे की, कडक पोलाद उशिरा बोथट होते, पण एकदा झाले की कानशीला दाद देत नाही. बायका अर्धा अर्धा तास बांधावर घासत बसल्या. निळ्याला चार हात मारले की तो पुन्हा चालू, आणि लांब, वळलेल्या दांड्याने माणूस कमी थकत होता. संध्याकाळच्या पावत्या मी स्वतः वाचल्या, दोनदा. दहापैकी नऊ जोड्यांना निळ्या कोयत्याने ऊस जास्त पडला, जोडीमागे दिवसाला दोनशे किलोच्या आसपास. दहाव्या जोडीतल्या बाईला ताप होता.

आयुष्यभर मी धारेचे आयुष्य मोजत आले. कल्याण नग मोजत होता म्हणून त्याला भिंतीवरचा कोयता दाखवत आले. आणि संध्याकाळी गाडीत किती ऊस चढला, हे काट्यावर उभे राहून आमच्यापैकी कोणी कधी मोजलेच नव्हते. ऊस तोडणाऱ्याला तर तेवढे एकच माप माहीत असते. त्या पावत्या हातात धरून मला हसू यायला लागले. एकाहत्तराव्या वर्षी आपण चुकलो हे कळणे एवढे गोड असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मग मी विचारले की दांडा दोन बोटे लांब करायचे कोणाला सुचले. कल्याण गाडीमागे सरकला. टोळीतली लंकाबाई गाडीचा दोर आवळता आवळता म्हणाली, "आक्का, आसं काय इचारता? तुमचं पोरगं दिवाळीनंतर आठ दिस आमच्यासंगं तोडीला हुतं की. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठावे नव्हते. मला तो चाकणला मशीन बघायला जातो म्हणून सांगून गेला होता.

"पयल्या दिशी तर निम्मी गाडी बी झाली न्हाई त्याची," लंकाबाई हसत होती. "राती कंबर धरून बसायचा. मंग म्हनला, मावशी, दांडा थोडका लांब आसता तर वाकाय कमी लागलं आसतं. मी म्हनलं, आमी तीस वरीस झालं वाकतोय, आमाला कुनी इचारलं न्हाई बाबा."

आता एक गोष्ट लिहावी लागेल, जी घराबाहेर कोणाला माहीत नाही. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. धंदा सुरू केला त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पहिल्या कोयत्यापुढे दोन्ही लेकरांना बसवले आणि यजमानांदेखत त्यांना शपथ घातली: हळदकुंकू लावायचे, हात जोडायचे, पण मूठ धरायची नाही. माझ्या लेकरांच्या हातून उसाचे एक कांडे तुटता कामा नये. चौतीस वर्षे दर खंडेनवमीला ती शपथ मी त्यांच्याकडून वदवून घेतली. पोरांना उसातून बाहेर काढायचे होते, दुसरे काही नाही. पण त्यामुळे झाले असे की कोयते बनवणाऱ्या घरात कोयता कसा लागतो हे माझ्याशिवाय कोणालाच कळत नव्हते, आणि माझा हातही तीस वर्षांपूर्वीचा झाला होता. फळा लावणाऱ्या पोराला मी बोल लावला. त्याला फळ्यापलीकडे जायची वाट मीच बंद करून ठेवली होती.

मी काट्याजवळ कल्याणचा हात ओढून उघडला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते. मला ते ओळखू येतात.

"शपथ मोडलीस?"

"मोडली," तो म्हणाला. "तू सांगतेस ते मला कळून घ्यायचं हुतं, आई. वहीतून कळत न्हवतं."

मला राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत, बेचाळीस वर्षांच्या पोराच्या तोंडावरून हात फिरवून रडले. मच्छिंद्र मुकादम म्हणाला, "आक्का, गाडी फुडं घ्या, मागं रांग लागलीया." म्हणून रडणे तिथेच थांबवावे लागले.

तेव्हा चौथ्या कलमातली मोकळी जागा मी भरत आहे: माझ्या पश्चात कारखान्याचा कारभार माझा मुलगा कल्याण सहादेव दहिफळे याने पाहावा.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आरतीने तांबडे कोयते मोजून टेम्पोत ठेवले. मला धसका होता की ती मनाला लावून घेईल. परतीच्या वाटेवर टेम्पोत ती एवढेच म्हणाली, "दादा आठ दिवस गेला. पुढच्या हंगामात मी पंधरा दिवस जाते. बाईच्या हाताचं त्याला काय कळतंय?" कल्याण म्हणाला, "गाडी भरली न्हाई तर फळ्यावर लिहीन." दोघे घोडेगावापासून घरापर्यंत भांडत आले. मी मध्ये बसून ऐकत होते आणि मला वाटत होते हे भांडण संपू नये.

म्हणून कलम पाचवे, जे पाच जानेवारीला माझ्या डोक्यातही नव्हते. कारखान्याचा शेवटचा शब्द ज्याच्याकडे असेल, त्याने दर हंगामात किमान आठ दिवस टोळीबरोबर ऊस तोडावा. ज्या वर्षी कल्याण जाणार नाही आणि आरती जाईल, त्या वर्षी शेवटचा शब्द आरतीचा. दोघेही गेले तर काट्याच्या पावत्या बघाव्यात. दोघेही गेले नाहीत तर त्या वर्षी वैजनाथ सांगतील तसे करावे आणि मालकांनी गप्प बसावे. दोघांच्या मुलाबाळांपैकी जो कोणी पुढे कारभार मागेल, त्यालाही हीच अट. नवा कोयता बाजारात जाण्याआधी निदान दहा जोड्यांच्या हातात, अदलाबदल करून, दोन दिवस चालला पाहिजे, आणि त्या जोड्यांना त्यांच्या दोन दिवसांची वेगळी मजुरी दिली पाहिजे. आपण त्यांच्याकडून शिकतो, ते फुकट शिकू नये.

पेटीतले टिकटिक घड्याळ कल्याणला परत द्यावे. ते घड्याळ वाईट नव्हते. कशाला लावायचे, ते आता त्याला कळले आहे. भिंतीवरच्या दुमडलेल्या कोयत्यासाठी मी मरेपर्यंत थांबायची गरज नाही. तो मी काल सकाळी स्वतः स्टुलावर चढून काढला आणि भट्टीत टाकला. वैजनाथ म्हणाले, "मावशी, पडला आसता तर?" मी म्हटले, मग आजच हे मृत्युपत्र कामाला आले असते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे वकीलसाहेब करतील. त्यांना माझे अक्षर लागत नसेल तर त्यांनी आरतीला विचारावे.

शेवटी रद्द करण्याचे कलम, जे प्रत्येक मृत्युपत्रात असते असे मला सांगितले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला तसा कागद नाही. पण मुलांना घातलेली शपथ आहे. ती मी आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने रद्द करत आहे. येत्या खंडेनवमीला मी असेन तर माझ्यासमोर, नसेन तर माझ्या फोटोसमोर, कल्याण आणि आरती यांनी कोयत्याला हळदकुंकू लावावे, हात जोडावेत, आणि मग मूठ धरावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे.

सही: छबूबाई सहादेव दहिफळे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:

१. मच्छिंद्र, ऊसतोड मुकादम, मुक्काम सध्या नेवासा तालुका. सही.

२. लंकाबाई, ऊसतोड कामगार, मुक्काम सध्या सदर. डाव्या हाताचा अंगठा. ठसा चार वेळा घ्यावा लागला, कारण ऊस धरून धरून अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. वकीलसाहेब पुन्हा शाई लावू लागले तेव्हा लंकाबाई म्हणाल्या, "कल्यानभाऊचा घ्या की, त्याचा उठंल. त्यो आजून कोरा हाय." वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मिळकत मिळते त्याचा अंगठा चालत नाही. चौथ्या वेळी लंकाबाईंचाच उठला.

ठिकाण: नागापूर, अहिल्यानगर
दिनांक: २२ जानेवारी २०२६, गुरुवार